कुंचला एक, घरे अनेक

सुताराला दुसऱ्याचा रंधा आवडत नाही आणि चित्रकाराला दुसऱ्याचा कुंचला. वापरून वापरून एका बाजूने झिजलेला, केस जरा विस्कटलेले, असा जुना कुंचला पाहणाऱ्याला टाकाऊ वाटतो. पण ज्याच्या हाताला तो बसला आहे त्याला विचारून पाहा! हा कुंचला पिशवीत टाकून चित्रकार पुण्याहून पणजीला गेला, तिथला कागद घेतला, तिथले रंग घेतले, तरी कुंचला आपला गुण सोडत नाही. केस तेच, दांडी तीच, झीजसुद्धा तीच.

आता संगणकावर चित्रे काढणाऱ्यांचे पाहा. त्यांच्याजवळ कुंचले दोन-चार नसतात, दोनशे-चारशे असतात. काही विकत घेतलेले, काही मित्रांनी दिलेले, आणि दोन-तीन आपले आपण केलेले. या शेवटच्यांवर जीव जास्त. पुढे काही कारणाने चित्र काढण्याचा प्रोग्राम बदलावा लागतो. (प्रोग्राम म्हणजे आकाशवाणीचा नव्हे बरं का, संगणकातला.) मंडळी कुंचल्यांच्या फायली बरोबर घेऊन नव्या घरी जातात, कुंचला उघडतात, रेघ ओढतात, आणि ओळखीचा माणूस अनोळखी आवाजात बोलावा तसे होते. नाव तेच, आकारही तोच, पण रेघ निराळी. असे का व्हावे, आणि त्यावर काय करता येते, तेवढेच आज सांगायचे आहे.

मला हा विषय शिकवला तो एका फजितीने. मुलांसाठी गोष्टीचे एक चोवीस पानी पुस्तक होते, त्याची चित्रे मी काढीत होतो. चौदा पाने झाली होती. त्यांतल्या झाडांच्या बुंध्यांना, मातीला, आजीच्या गोधडीला जी खरबरीत रेघ वापरली होती तिचा कुंचला मी स्वतः केलेला. कडुनिंबाची काडी दातांनी चावून तिचे टोक फुलवले, शाईत बुडवून कागदावर दाबले, आणि उमटलेला डाग स्कॅन करून संगणकात घेतला. पंधराव्या पानावर संगणकाने राम म्हटला. चित्रे देण्याची तारीख तोंडावर आलेली. एका मित्राने आपला संगणक आणि टॅबलेट दिला, पण त्यावर प्रोग्राम दुसराच होता. कुंचल्याची फाईल मी जपून ठेवली होती, तेवढे शहाणपण होते. ती उघडली, रेघ ओढली, आणि पाहतो तो काय! खरबरीत रेघेच्या जागी गुळगुळीत, काळीकुट्ट, डांबरात बुडवलेल्या सुतळीसारखी रेघ.

दोष प्रोग्रामचा नव्हता, फाईलचाही नव्हता. दोष माझ्या समजुतीचा होता. मला वाटत होते, मी कुंचला नेला आहे. प्रत्यक्षात मी नेला होता फक्त त्याचा ठसा.

ठसा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. दिवाळीच्या सुमारास बाजारात रांगोळीचे ठसे येतात. भोके पाडलेली डबी असते. तीत रांगोळी भरायची, जमिनीवर ठेवून टिचकी मारायची, की फूल उमटते. चार बोटांवर पुन्हा टिचकी मारली की दुसरे फूल. अशी फुलांची ओळ तयार होते. पण समजा, तोच ठसा आपण दर गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर मारीत गेलो तर? फुले एकमेकांत मिसळतील आणि फुलांच्या जागी एक पट्टा दिसू लागेल. संगणकातला कुंचला नेमके हेच करतो. आपण पेन सलग ओढतो आणि आपल्याला वाटते की सलग रेघ उमटली. खरे पाहता प्रोग्राम आपल्या हाताच्या मागे मागे पळत एकच ठसा ठरावीक अंतराने मारीत असतो. फोटोशॉपमध्ये नवा कुंचला केला की हे अंतर ठशाच्या रुंदीच्या २५ टक्के धरलेले असते. म्हणजे ठसा १०० बिंदू रुंद असेल तर दर २५ बिंदूंवर एक टिचकी.

ठसा म्हणजे नुसते करड्या छटांचे चित्र. काळे असेल तिथे रंग पुरा पडायचा, पांढरे असेल तिथे मुळीच नाही, करडे असेल तिथे त्या मानाने. चित्रच ते, कुठेही नेता येते. पण कुंचला ठशाने पुरा होत नाही. ठसे किती अंतरावर मारायचे, प्रत्येक ठसा किती वळवायचा, हाताचा दाब वाढला की तो मोठा करायचा की गडद, किती इकडेतिकडे उधळायचा, कागदाचा पोत त्यातून किती दिसू द्यायचा, या सगळ्याचे नियम असतात. आणि नियमांच्याही मागे ते पाळणारा एक कारागीर असतो. इंग्रजी बोलणारे त्याला ब्रश एंजिन म्हणतात. दोन प्रोग्रामांत हा कारागीर एकच नसतो. पाककृतीत ‘दोन चमचे तिखट’ लिहिलेले असते. एका घरी चमचा म्हणजे चहाचा, दुसऱ्या घरी आमटीचा डाव. कागदावरचा शब्द तोच, पण पानावर आलेली भाजी तोंडात घालवत नाही.

याचा एक छोटा हिशेब करून पाहू. हिशेबाला भिऊ नये, शाळेतला आहे. समजा कुंचल्याच्या एका ठशाने १० टक्के रंग पडतो, म्हणजे कागदाचा जितका पांढरेपणा शिल्लक असेल त्याचा दहावा हिस्सा प्रत्येक ठसा झाकतो. ठसे रुंदीच्या चौथ्या हिश्श्यावर मारले तर रेघेच्या मध्यावरच्या कोणत्याही बिंदूवर चार ठसे पडतात. पहिल्यानंतर पांढरे उरते ९० टक्के, दुसऱ्यानंतर ८१, तिसऱ्यानंतर सुमारे ७३, चौथ्यानंतर सुमारे ६६. म्हणजे रेघ ३४ टक्के गडद, नाजूक करडी. आता बाकी काही न बदलता ठसे रुंदीच्या दहाव्या हिश्श्यावर मारा. त्याच बिंदूवर दहा ठसे पडतात आणि रेघ ६५ टक्के गडद होते, जवळजवळ दुप्पट! आणि ‘रंग १० टक्के’ हे दोन्हीकडे तसेच लिहिलेले. नव्या घरी आकडे तंतोतंत जुळवूनही रेघ का जुळत नाही, याचे निम्मे उत्तर इथे आहे. आकडा एकट्याने काही सांगत नाही, तो शेजारच्या आकड्याला धरून बोलतो.

त्यातच आणखी एक मेख आहे. फोटोशॉपमध्ये रंगाच्या दोन कळा असतात. एकीला फ्लो म्हणतात. एका ठशाने किती रंग टाकावा ते ती ठरवते. दुसरी ओपॅसिटी; पेन न उचलता एका दमात ओढलेल्या रेघेला गडदपणाची जी कमाल मर्यादा, ती ही ठरवते. ठसे कितीही साचले तरी ही मर्यादा ओलांडत नाहीत. क्रिटा नावाच्या प्रोग्रामात दोन निराळ्या रीती आहेत: ‘वॉश’ या रीतीत अशी मर्यादा पाळली जाते, ‘बिल्ड-अप’मध्ये रंग साचत जातो. (क्रिटा हा स्वीडिश शब्द आहे, त्याचा अर्थ खडू. नाव मोठे साजेसे ठेवले आहे.) प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या प्रोग्रामात ‘ग्लेझ’ या नावाखाली रंग साचण्याचे चार प्रकार दिले आहेत आणि शिवाय ‘ब्लेंडिंग’चे दोन. माझी रेघ सुतळीसारखी काळी झाली तिचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. नव्या घरी मर्यादा उठली होती आणि अंतर आवळले गेले होते.

पण ती गुळगुळीत का झाली? त्याचे कारण पोत. लहानपणी कागदाखाली नाणे ठेवून वरून पेन्सिल घासण्याचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला आहे. नाणे जागचे हलत नाही. पेन्सिल कशीही फिरवा, छाप तिथेच उमटतो. कुंचल्याचा पोत असा कागदाला चिकटवलेला असू शकतो, किंवा तो कुंचल्याबरोबर फरफटत जाणारा असू शकतो. प्रोक्रिएटमध्ये पहिल्याला ‘टेक्स्चराइज्ड’ आणि दुसऱ्याला ‘मूव्हिंग’ म्हणतात. पहिल्याने खडबडीत कागदावरच्या खडूचा भास होतो, दुसऱ्याने राठ केसांच्या कुंचल्याचा. हा पोत म्हणजे ठशाहून वेगळे, दुसरेच चित्र असते. माझ्या रेघेचा खरबरीतपणा सगळा कडुनिंबाच्या काडीतून आला आहे अशी माझी समजूत होती. तो निम्मा कागदाच्या पोतातून येत होता, आणि ते चित्र जुन्या संगणकातच राहिले होते.

आता फायलींच्या पिशव्यांबद्दल थोडे. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. त्याच्या कुंचल्यांची पिशवी ‘एबीआर’ या शेपटाची. बाजारात सर्वांत जास्त कुंचले याच पिशवीतून फिरू लागले, म्हणून इतरांनीही ती उघडायला शिकून घेतले. मात्र उघडणाऱ्याच्या हाती काय लागते ते ठिकठिकाणी निराळे. गिंप आणि क्रिटा या दोन फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांत एबीआर उघडते, पण हाती येतात ते ठसे. नियम मागे राहतात. पिशवी उघडली याचा आनंद होतो, आणि तिथेच माणूस फसतो. प्रोक्रिएटच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरपासून, तिथेही एबीआर घेता येते आणि नियमांचेही जमेल तसे भाषांतर होते. क्लिप स्टुडिओ पेंट आणि अफिनिटी फोटो हेही ही पिशवी स्वीकारतात. भाषांतर ते भाषांतर; अर्थ पोचतो, ठेका पोचेलच असे नाही. आणि परतीची वाट बहुधा नसते. प्रोक्रिएटमध्ये किंवा क्रिटात घडवलेला कुंचला एबीआर करून फोटोशॉपला पाठवण्याची सोय तिथे दिलेली नाही.

तरीही प्रत्येक पिशवीत डोकावण्यासारखे काही असते. प्रोक्रिएटची कुंचल्याची फाईल ही आतून साधी झिप पिशवी आहे; शेपूट बदलून ती सोडवली की ठशाचे आणि पोताचे चित्र, ती कुंचल्याची स्वतःची असतील तर, हाती लागते. क्रिटाची ‘केपीपी’ फाईल तर पीएनजी चित्रच असते. कुंचल्याची छोटी छबी वर दिसते आणि नियम त्याच चित्राच्या पोटात लिहून ठेवलेले असतात. आपल्याकडे दागिन्याच्या डबीच्या झाकणातच पावती घडी करून ठेवतात, तशातला प्रकार.

या सगळ्या गोंधळात एक उदाहरण मात्र मला फार आवडते. मायपेंट नावाचा एक लहानसा प्रोग्राम आहे. त्याच्या कुंचल्यात ठशाचे चित्र नसतेच. गोल किंवा लंबगोल ठिपका आणि चाळिसाहून अधिक नियम, एवढ्यावर तो पेन्सिलीपासून जलरंगापर्यंत सोंगे आणतो. त्याची फाईल म्हणजे वाचता येईल असा साधा मजकूर. तिथल्या मंडळींनी शहाणपणा असा केला की नियम पाळणारा कारागीर वेगळा काढून सर्वांना खुला करून दिला. गिंपने २०१८ मधल्या २.१० या आवृत्तीत त्याला घरात घेतले, क्रिटाने २०२१ च्या डिसेंबरातल्या पाचव्या आवृत्तीत. म्हणून मायपेंटचा कुंचला या घरांतून हिंडला तरी बराचसा तोच राहतो. इथे नियमांबरोबर कारागीरही आला आहे. बाकी ठिकाणी आपण गवयाची चीज लिहून नेतो, इथे गवयालाच गाडीत बसवून आणले.

ओल्या रंगाचे कुंचले, म्हणजे कागदावरचा रंग उचलून नव्यात मिसळणारे, यांच्या बाबतीत मी तर सरळ सांगतो की नेण्याच्या खटपटीत पडू नये. फोटोशॉपचा मिक्सर ब्रश २०१० साली आला. क्रिटाचा रंग फासणारा कारागीर वेगळा, प्रोक्रिएटचा ‘वेट मिक्स’ वेगळा. या तिघांचे आतले गणितच एक नाही. नव्या घरचा ओला कुंचला घ्यावा आणि त्यालाच आपल्या हाताची सवय लावावी.

कोरड्या कुंचल्यांचे मात्र जमते. पण जमवायचे तर जुने घर सोडण्याआधी तयारी हवी, सोडल्यावर नव्हे. हे मी दोनदा सांगितले तरी थोडेच आहे. २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवरच मिळू लागल्या. वर्गणी थांबली की फाईल आपल्याजवळ राहते, पण तिच्यातले आकडे पाहायची खिडकी बंद होते. आणि संगणक तर वर्गणी भरूनही मरतो.

तर तयारी अशी. कुंचल्याचा ठसा एका मोठ्या चौरसावर, एकदाच, पुऱ्या गडद रंगाने उमटवून साध्या पीएनजी चित्रात ठेवावा. हजार बिंदूंचा चौरस पुष्कळ झाला. चारी बाजूंना पांढरी मोकळी जागा सोडायला विसरू नये. डाग कडेला टेकला तर पुढे प्रत्येक ठशाला कापल्यासारखी सरळ धार येते आणि रेघेला करवतीचे दात फुटतात. पोत असेल तर त्याचेही चित्र वेगळे ठेवावे. एक खोडी लक्षात असू द्या: फोटोशॉपमध्ये काळे म्हणजे रंग, पण प्रोक्रिएटमध्ये उलट, पांढरे म्हणजे रंग. चित्र उलटे न करता तसेच दिले तर पहिल्याच फटकाऱ्याला काडीच्या डागाऐवजी मध्ये भोक पडलेला चौकोन उमटतो. घाबरू नये. उलटे करण्याची कळ तिथेच असते.

मग नियम. ते वहीत लिहावेत, हाताने लिहिले तर उत्तम. ठशाचे अंतर, कोन, चपटेपणा, उधळण, दाबाने काय बदलते आणि कुठून कुठपर्यंत. आकड्यांची भाषा घरोघर बदलते हे धरून चालावे. फोटोशॉपमध्ये अंतर २५ टक्के असेल तर क्रिटात तेच ०.२५ म्हणून लिहावे लागते. प्रोक्रिएटची पट्टी आणखी निराळी, तिथे डोळ्यानेच ठरवावे.

आणि आकड्यांहून मोलाची गोष्ट म्हणजे नमुन्याचे एक पान. कुंचला १०० बिंदूंचा ठेवून त्यावर एक सुटा ठसा, एक हलक्या हातापासून जोरापर्यंत चढत जाणारी रेघ, एक झटक्यात ओढलेली, एक गोगलगायीच्या चालीने ओढलेली, दोन एकमेकींना छेदणाऱ्या, एक वर्तुळ आणि घासून भरलेला एक तुकडा, एवढे काढून ठेवावे. नव्या घरी हे पान खालच्या थरावर ठेवून शेजारी तेच सारे नव्या कुंचल्याने काढायचे. सुटा ठसा जुळला आणि रेघ जुळली नाही, तर दोष अंतरात किंवा रंग साचण्यात. हलकी रेघ जुळली आणि जोराची नाही, तर दाबात. छेद गडद झाला तर मर्यादेची रीत चुकली. रेघ जुळली आणि भरलेला तुकडा नाही, तर पोत चुकीच्या जागी चिकटला आहे. वैद्य नाडी पाहतो तसे हे पान पाहायचे.

दाबाचे एक वेगळे सांगावे लागते, कारण तिथे मी दीड दिवस घालवला. आजच्या चांगल्या टॅबलेटवर दाबाच्या ८१९२ पायऱ्या मोजल्या जातात असे खोक्यावर लिहिलेले असते, आणि त्या संख्येने आपण दिपून जातो. पण हाताचा दाब रेघेपर्यंत पोचताना तीन ठिकाणी बदलला जाऊ शकतो. एकदा टॅबलेटच्या स्वतःच्या मांडणीत, एकदा प्रोग्रामच्या सर्वसाधारण मांडणीत आणि शेवटी त्या त्या कुंचल्याच्या नियमात. निरोप तीन तोंडांतून गेल्यावर त्याचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मित्राचा हात हलका. त्याने आपल्या टॅबलेटला असे शिकवून ठेवले होते की नुसते पेन टेकले तरी पुरा जोर समजावा. माझा हात जड! मी बिचाऱ्या कुंचल्याचे कान पिळीत बसलो होतो आणि चूक दोन घरे अलीकडे होती. तेव्हा आधी टॅबलेट आपल्या हाताला लावावा, मग प्रोग्राम, आणि कुंचल्याला सर्वांत शेवटी हात घालावा.

कागदाच्या मापाकडेही लक्ष असावे. ए-४ आकाराचे पान छपाईच्या ३०० च्या दाटीने घेतले तर ते २४८० बाय ३५०८ बिंदूंचे होते. १५० ने घेतले तर त्याच्या निम्मे. ४० बिंदूंचा कुंचला दुसऱ्या पानावर दुप्पट जाड दिसणार. मंडळी त्यासाठीही कुंचल्यालाच दोष देतात.

आता आपल्या खास जिव्हाळ्याच्या कुंचल्याकडे येतो, तो म्हणजे बोरू. पुस्तकातल्या गोष्टींची शीर्षके मी बोरूच्या वळणाने लिहीत होतो. बोरूचे टोक तिरके कापलेले, रुंद. देवनागरीसाठी त्याची धार डावीकडून वरून उजवीकडे खाली अशी कलती राहते. त्यामुळे उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते, आणि तिच्या उलट तिरकी रेघ बारीक. रोमन अक्षरे लिहिणाऱ्यांच्या रुंद निबाचे नेमके याच्या विरुद्ध. देवनागरी अक्षराचा सगळा डौल या एका कलण्यावर उभा आहे.

संगणकावर बोरू करायला ठशाचे चित्रही लागत नाही. लांबट, चपटा लंबगोल पुरे. लांबी शंभर तर जाडी दहा. याला फोटोशॉपमध्ये गोलाई १० टक्के म्हणतात, क्रिटात गुणोत्तर ०.१०. इथवर सोपे. पण कोन! अंश मोजण्याची दिशा दोन घरी एकच असेल याची खात्री धरू नये. एकाने घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजले आणि दुसऱ्याने उलट, तर ४५ अंशांचा बोरू पलीकडे जाऊन रोमन निब होऊन बसतो. माझे तेच झाले. शीर्षक वाचता येत होते, चूक दाखवता येत नव्हती, पण अक्षर आपले वाटेना. आरशात पाहून भांग पाडावा तसे काहीतरी. शेवटी दोन तिरक्या रेघा ओढून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला: जाड यायची ती बारीक आली होती. कोनाचे चिन्ह बदलले आणि अक्षर ताठ बसले. तेव्हापासून नव्या घरी गेलो की बोरूच्या त्या दोन रेघा आधी ओढतो.

बोरूचे आणखी दोन-तीन नखरे आहेत. रेघेच्या दिशेप्रमाणे ठसा वळवण्याची सोय पुष्कळ कुंचल्यांत असते; बोरूसाठी ती बंदच हवी. ती चालू राहिली तर सगळ्या रेघा एका जाडीच्या येतात आणि बोरूचा मार्कर होतो. दाबाने जाडी बदलण्याची सोयही बंद करावी, कारण खऱ्या बोरूची जाडी दाबातून येत नाही, कोनातून येते. आणि ठशाचे अंतर लांब बाजूच्या हिशेबाने धरले जात असेल तर २५ टक्क्यांवर फणीचे दात दिसू लागतात. ते दोन-तीन टक्क्यांवर आणावे. संगणक थोडा रेंगाळेल, रेंगाळू द्या. कागद फिरवून लिहिण्याची सवय असेल तर कागदाबरोबर बोरूही फिरतो की काय, तेही एकदा पाहून ठेवावे.

विकत घेतलेल्या कुंचल्यांबद्दल एक शब्द. आपल्याच कामासाठी ते दुसऱ्या घरी नेणे आणि त्यांतले ठसे काढून चारचौघांत वाटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. घेताना ज्या अटी मान्य केल्या त्या वाचाव्यात. उदार माणसेही आहेत. फ्रान्समधले चित्रकार डेव्हिड रेव्हॉय हे २०१४ पासून ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा क्रिटात काढतात आणि आपल्या कुंचल्यांचे संच त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. दुसऱ्याच्या कुंचल्यात नियम कसे गुंफलेले असतात ते उघडून पाहायला असे संच फार चांगले. नाहीतर कडुनिंबाची काडी आहेच. तिला परवानगी लागत नाही.

माझ्या पुस्तकाचे पुढे काय झाले म्हणाल, तर जुन्या पानांवरूनच मी नमुन्याचे पान उलटे तयार केले. चौथ्या पानावर एक सुटा डाग सापडला, नवव्यावर गोधडीचा घासून भरलेला तुकडा, आणि त्यांच्याशी ताडत ताडत कुंचला पुन्हा बांधला. कागदाचा पोत काही मिळेना, म्हणून घरातल्या पाट्याचा खडबडीत भाग कागदाखाली धरून, वर शिसपेन्सिल घासून नवा घेतला. पुस्तक वेळेवर गेले. पंधराव्या पानावर चिंचेचे झाड आहे. त्याच्या बुंध्याची साल आधीच्या झाडांपेक्षा किंचित काळी आहे आणि तिचे ओरखडे आडवे जातात, पाट्याच्या टाकीच्या घावांसारखे.